चार नंबरची खोली

दारावर एक कार्ड असेल.
वाचायला दोन मिनिटं, मग घंटा,
मग आत मी.

मी व्हेरा टिझर्ड. एकतीस वर्षं फिश प्लांटात
कॉडचे काटे काढले. प्लांट बंद पडला.
आता फेब्रुवारीतले दोन दिवस
सेंट जॉन्सच्या फार्मसी कॉलेजात
मी चिडलेलं गिऱ्हाईक असते.
ताशी वीस डॉलर, वर सूप आणि बन.

माझं औषध तयार नाही, एवढं तू मला सांगायचंस,
आणि मी भडकायचं.
माझ्या कागदावर लिहिलंय: आवाज चढवा,
टेबलावर हात आपटू नका.
दुसरी ओळ माझ्यामुळे आली.
पहिल्या वर्षी एक मुलगा रडला होता.

कोपऱ्यात डॉक्टर नोजवर्दी, पेन्सिल घेऊन.
त्या मान वर करणार नाहीत. घाबरू नकोस,
त्यांची मान दुखते, बाकी काही नाही.

इतर खोल्यांतलं मला सूप पिताना कळतं.
दोन नंबरात विचारतात, डॉक्टरच का नाही व्हायचं?
याचं उत्तर सगळे घोकून येतात
आणि सगळे एकाच शब्दाशी अडखळतात.
पाचमध्ये तुझ्या मैत्रिणीनं कॉपी केलेली असते.
सातमध्ये दोघांना पाठीला पाठ लावून बसवतात,
एकानं चित्र सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं.
मागच्या खेपेला चित्रात होडी होती,
टोरोंटोच्या पोरानं तिला चाकं काढली.

हे कुणाला सांगायचं नाही, अशी मी सही केलीय.
म्हणून तुला सांगत नाहीये.
केटल उकळेपर्यंत
स्वयंपाकघरातल्या खिडकीला सांगतेय.

आणि ते वाक्य.
"मी तुमच्या भावना समजू शकतो."
कुठे शिकवतात कोण जाणे.
अकरा वाजेपर्यंत माझ्या भावना
नऊ जणांनी समजून घेतलेल्या असतात,
आणि माझे पाय दुखत असतात.
खोलीत एक रिकामी खुर्ची आहे.
कार्डावर तिचा उल्लेख नाही.

खरं तर मला भडकायला फार लागत नाही.
एकदा सिरिलच्या गोळ्या आणायला गेले,
चाळीस किलोमीटर, रस्त्यावर नुसता बर्फ.
काउंटरवरचा माणूस फार गोड बोलला.
उद्या या म्हणाला.
उद्या वादळ होतं.
काही झालं नाही हो. सिरिल पुढे सहा वर्षं जगला,
गेला तोही दुसऱ्याच कशानं तरी.
पण ते "उद्या या"
मी दर फेब्रुवारीला बाहेर काढते,
चांदीच्या चमच्यासारखं, पुसून.

मागच्या वर्षी लॅब्राडोरहून एक मुलगी आली.
छातीवर नाव, सलोमी.
बुटांवर मिठाचे पांढरे डाग,
दुसऱ्या कुणाचा तरी कोट, बाह्या दुमडलेल्या.
मी ओरडले. ती गप्प.
मी आणखी ओरडले. तिनं माफी मागितली नाही,
भावनाबिवना काही नाही.
म्हणाली, "घरी किती गोळ्या उरल्यात?"

हे माझ्या कागदावर नव्हतं.
माझ्या तोंडून निघालं, "तीन."
तेव्हा तीनच होत्या. सिरिलच्या बाटलीत.
ती बोटांवर मोजत म्हणाली,
"म्हणजे तीन दिवस आहेत आपल्याकडे."

आपल्याकडे.

पेन्सिल थांबली, की मला तसं वाटलं.
पुढे ती काय म्हणाली, मला ऐकूच आलं नाही.
घंटा झाली तेव्हा तिचं वाक्य अर्धं होतं,
ते तिनं तसंच ठेवलं आणि गेली.
खुर्ची तिनंही नाही दिली मला.

तिला घेतलं का, ठाऊक नाही.
गुण मी देत नाही.
मी फक्त बाटली परत करते. तिच्यात औषध नसतं,
वाजावी म्हणून सुके वाटाणे असतात,
आणि लेबलवर कुणा दुसऱ्याच बाईचं नाव.

बूट दाराशी झटक. फरशी निसरडी असते.
केटल झाली.